मिरजेला गेलेली पत्रं

पद्याला माझा हात चांगला आहे, हे सांगायला मी लाजत नाही. आमच्या धारवाडच्या हौशी नाट्यमंडळीनं एक जुनं फ्रेंच पद्यनाटक मराठीत करायचं ठरवलं, तेव्हा काम माझ्याकडेच आलं. गोष्ट साधी आहे. एका कवीचं नाक भलतंच मोठं. त्यामुळे जिच्यावर त्याचं प्रेम, तिला स्वतःच्या नावानं पत्र लिहायला तो धजत नाही. एका देखण्या पण दोन वाक्यं धड न जुळवता येणाऱ्या पोराच्या नावानं तो लिहितो, आणि ती त्या पत्रांवर भाळते.

या नाटकावरचे सिनेमे मी मिळतील तेवढे पाहिले. कुणी नाकच काढून टाकलं, कुणी नायकाला आजच्या शहरात आणून मोबाइलवर निरोप पाठवायला लावले, आणि बहुतेकांनी पद्याला कात्री लावली. मंडळीतल्या दोघांनीही गद्यच करा म्हणून टुमणं लावलं. गद्य करायला मी कशाला हवा, असं मी त्यांना सरळ विचारलं. मी लढाईचा अंक कापला, यमकं ठेवली, आणि देखण्या पोराला चांगलाच बावळट केला. त्याच्या प्रत्येक वाक्याला हशा ठरलेला होता.

माझ्या खात्रीला कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी अण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, साखरपुडा मिरजेच्या मुलीशी झाला. अण्णा हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानात बसत. त्यांची शाळा सगळी कन्नड. मराठी बोलायची ती घरात, लिहायची वेळ कधी आलीच नाही. मिरजेहून पत्र आलं की त्यांना घाम फुटे. मी तेव्हा कॉलेजात कविता करत होतो. मजकूर मी तयार करायचा आणि त्यांनी एकेक अक्षर गिरवत उतरवून काढायचा, असं बरेच महिने चाललं. पुढे लग्न झालं. वहिनी माझ्या शब्दांवर या घरात आल्या, असं मी धरून चाललो.

अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी इथे धारवाडात, मळमड्डीतल्या घरी आमच्याकडेच असतात. सज्ज्याखालच्या प्रवेशात कवी अंधारात उभा राहून बोलतो, तिथे मी त्या पत्रांतल्या चार ओळी जशाच्या तशा घातल्या. वहिनींनी त्या ओळखाव्यात, पत्रं खरी कुणाची हे त्यांना एकदा कळावं, एवढीच माझी इच्छा होती. अण्णांची आठवण त्यांच्यापाशी मग कशी उरेल, याचा विचार मी केला नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांना नाटक वाचून दाखवलं. त्या ओळींवर आवाजही जरा चढवला. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं, छान झालंय म्हणाल्या, आणि आत जाऊन एक पोस्टकार्ड घेऊन आल्या. मग त्यांनी सांगितलं की ती गोड पत्रं वाचून त्यांना भीतीच वाटली होती. इतकं सफाईनं बोलणारा माणूस दुकानात गिऱ्हाइकाशीही असाच बोलत असणार. लग्न मोडायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात हे कार्ड आलं. ते कन्नडमध्ये होतं, म्हणून शेजारच्या बाईंकडून वाचून घ्यावं लागलं.

अक्षर अण्णांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं: आतापर्यंतची पत्रं माझ्या धाकट्या भावानं लिहिली आहेत. तो हुशार आहे. मला तसं लिहिता येत नाही, बोलताही येत नाही. हे कळूनही यायचं असेल तर यावं.

“मी या कार्डावर आले, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “अन् तुम्ही त्या पोराला बावळट केलाय बघा.”

मला आधी अण्णांचा रागच आला. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

“तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनी बजावलं होतं. त्याला वाटतंय तर वाटू दे की, म्हणाले.”

मला रडू आलं, आणि ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. मग वही पुढे ओढून त्या चार ओळींवर काट मारली.