पुराची बॅग भरली, पण आत्यांचं इन्सुलिन कशात ठेवू?

मंडळी, आज माझं डोकं पार गरगरलंय. कुणाला माहीत असेल तर सांगा.

आम्ही कोल्हापुरात नदीच्या अंगाला राहतो. मागच्या पुरात घरात कमरेइतकं पाणी आलतं. म्हणून यंदा आधीच बॅग भरायची ठरवली आणि सकाळपासून मोबाईलवर आपत्कालीन तयारीचे चॅनेल बघत बसले. एक जण जंगलात चाकूनं काटक्या तासतोय, दुसरा बर्फात तंबू ठोकतोय. तरी त्यांचं बघून टॉर्च, शिट्टी, दोरी, पॉवर बँक असं सगळं भरलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी बॅग उघडून बघितली. "व्हय गं, ह्यात माझं इन्सुलिन कुठं हाय?"

"फ्रीजमध्ये आहे की, आत्या."

"आणि लाईट गेल्यावर?"

मी मोबाईल हातात घेतला. परत व्हिडिओ शोधले. एक ताई म्हणते, बर्फात ठेवा. दुसरा म्हणतो, गोठलं की औषध वाया. तिसरा ओल्या फडक्यात गुंडाळायला सांगतो, चौथा औषध गार ठेवायची स्वतःचीच पिशवी विकतोय. खरं कुणाचं धरू? डॉक्टरांचा फोनही लागला नाही.

आत्या म्हणाल्या, "बंद कर ते. उद्या दवाखान्यात जाऊन इचारू की."

जाणार आहोतच. पण तुमच्यापैकी कुणी पुरात इन्सुलिन सांभाळलंय का? आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन घराबाहेर कसं पडायचं, हे दाखवणारं एखादं मराठी चॅनेल आहे का? असेल तर खाली नाव लिहा. तुमची उत्तरं वाचायला आत्या चष्मा लावून माझ्या शेजारीच बसल्यात.