लाईट चालू, हात पाण्यात

आमच्या सोसायटीत असं बोललं जातं की बी विंगमधल्या चिंतामणकाकांना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना अकरा हजार व्होल्टचा झटका बसला, ते आठ फूट उडाले, आणि तेव्हापासून ते टेस्टर लावल्याशिवाय फ्रिजसुद्धा उघडत नाहीत. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या वत्सलाबाई तर शपथेवर सांगतात, "अजून करंट हाय त्यांच्या अंगात. हातात बल्ब धरला की लागतोय!"

सगळं खोटं. एक टेस्टर सोडून. तो खरा आहे, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असतो. पण वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं काढून काकांना एकदाही, मुंगी चावल्याइतकाही झटका बसलेला नाही. "का माहितीये, यशू? कारण मी घाबरट आहे," ते म्हणतात, आणि हे असं सांगतात जसं दुसरा कुणी 'मी सुवर्णपदक विजेता आहे' म्हणून सांगेल.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, अकरावीत आहे, आणि मला बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात. काकांचा आवाज काढायला सोपा. वाक्य संपलं की थांबायचं, आणि समोरचा तेच वाक्य परत म्हणेपर्यंत डोळे वटारून बघायचं. केंद्रात तशी शिस्त होती म्हणे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच म्हणायचं, मगच बटणाला हात. इंदिराकाकूंना माशांच्या टाकीत हात घालायचा असला की घरातही तेच.

"लाईट बंद?"

"लाईट बंद."

"प्लग बाहेर?"

"प्लग बाहेर हो, आणि पाटीपण लावली!"

पाटी म्हणजे स्विचवर अडकवलेला लाल पुठ्ठा. त्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात : 'माणूस कामावर आहे. चालू करू नये.' माणूस म्हणजे काकू. काम म्हणजे पाण्यातली झाडं छाटणं.

गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंना गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत चढता येत नाही. त्यांची बाग आता ही दोन फुटी काचेची टाकी. मासे फक्त दहा-बारा, तेही नावाला. खरी मजा झाडांची. मागे हिरव्या रिबिनींसारखं लांब गवत, पुढे लाकडाला दोऱ्याने बांधलेलं गडद पानांचं झुडूप, आणि मधोमध एक लाल पानांचं, जे काकूंनी तीनदा मरता मरता वाचवलंय.

जूनमध्ये एका संध्याकाळी टाकीच्या झाकणातली जुनी ट्यूब फट् करून गेली. झाकण उघडं होतं, प्लग काढायचा कोण विसरलं यावर अजून वाद आहे, आणि काकूंचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. काही झालं नाही. पण मला काकांचा तेव्हाचा आवाज आठवतो. एरवी काका शुद्ध ऑफिसातलं बोलतात. घाबरले की थेट नांदगावला, त्यांच्या गावाला पोचतात.

"काढ! हात काढ आधी! नाय पाहिजे आपल्याला ही टाकी, लय झालं!"

त्यांनी झाकण उचलून बाल्कनीत ठेवलं आणि नवीन लाईट आणायला साफ नकार दिला. बारा दिवस टाकी अंधारात. रिबिनी पिवळ्या पडल्या. लाल झाडाची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळायला लागली. काकू भांडल्या नाहीत, तेच वाईट. त्या रोज सकाळी गळलेली पानं जाळीने काढायच्या, वाटीत ठेवायच्या आणि ती वाटी काकांच्या चहाशेजारी ठेवायच्या. बाराव्या दिवशी म्हणाल्या, "परवा ज्याला हवी त्याला देऊन टाका. मरताना बघायला नको मला."

तेव्हा काका माझ्या दारात आले. "मोबाईलवर बघून ठेव, कोणते लाईट असतात ते. आणि चल माझ्याबरोबर."

आम्ही तीन दुकानं फिरलो. सगळीकडे काकांचा एकच प्रश्न. "पाण्यात पडला तर?" पहिला म्हणाला, पडत नसतो. दुसऱ्याने जांभळा लाईट दाखवला, मासे एकदम पिक्चरसारखे दिसतात म्हणाला. काका म्हणाले, "आणि झाडं?" तर तो म्हणाला, "प्लास्टिकची ठेवा ना." तिसरं दुकान बिटको चौकाजवळ, साई नावाच्या मुलाचं. मान वाकडी, तोंडात हिंदी-मराठीची भेळ.

"काका, टेन्शन नाही घ्यायचं. झाडांसाठी पांढरा घ्यायचा, दिवसासारखा, साडेसहा हजार केल्विनवाला. जास्ती ताकदीचा घेतला तर शेवाळ होणार, कमी घेतला तर झाड लंबू होऊन वर पळणार. ये देखो, बारा व्होल्ट. घरचा करंट इथे अडॅप्टरमध्येच थांबला, बाहेर भिंतीवर. पाण्याच्या वर येतो तो बच्चा करंट."

"पडला तर?"

साईने बादली ओढली, लाईट लावला आणि हातासकट पाण्यात बुडवला. बादलीचा तळ चमकला. काकांनी तोंड फिरवलं होतं. बघत होते फक्त त्यांचे कान.

"घेतला," काका म्हणाले.

"सोबत टायमर फ्री. सकाळी आपोआप लागतो, आठ तासांनी आपोआप बंद. तुम्ही गावाला जा खुशाल."

"आपोआप?" काकांचा चेहरा राखेसारखा झाला. "नाय. आपोआप काहीच नको." टायमर काउंटरवर ठेवून ते बाहेर पडले.

रिक्षात त्यांनी सांगितलं, समोर बघत. नांदगावकडच्या त्यांच्या शेतात विहिरीवर मोटर होती. लाईट कधीही यायची, कधीही जायची, म्हणून थोरल्या भावाने, कोंडाजीने, स्टार्टरला ऑटो स्विच बसवला होता. लाईट आली की मोटर आपोआप चालू. चौऱ्याण्णव साली काका सुट्टीला घरी गेले होते. लाईट गेलेली बघून कोंडाजी मोटरीत अडकलेला कचरा काढायला कमरेइतक्या पाण्यात उतरला. आणि लाईट आली.

"करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी स्विच. हे मीच पोरांना शिकवायचो. मी तेच केलं. स्टार्टर शंभर पावलांवर होता. पळालो, पाडला स्विच. नियमाने बरोबर केलं मी, यशू." त्यांनी खिशातला टेस्टर चाचपला. "परत आलो तेव्हा तो पाण्यावर पडलेला होता."

लाईट बसला. काचेवर नाही, भिंतीला लोखंडी पट्टी ठोकून टाकीच्या फूटभर वर. वायरीला खाली झोल दिला, म्हणजे थेंब ओघळला तरी प्लगकडे न जाता जमिनीवर पडेल. हवेचा पंप आधीच उंच फळीवर होता. स्विच दाराजवळ. सकाळी नऊला काका स्वतः लावणार, पाचला स्वतः बंद करणार. पाटी तीच, सवाल-जवाब तेच. पहिल्या दिवशी लाईट लावून ते टाकीपासून चार हात लांब उभे राहिले, जणू आतून वाघ निघणार होता.

"बारा व्होल्ट," मी म्हटलं. "घाला की हात."

"तांत्रिकदृष्ट्या काही हरकत नाही," काका म्हणाले आणि आणखी एक पाऊल मागे सरले.

तेव्हा मी पैज लावली. काका गणपतीपर्यंत चालू लाईटखाली पाण्यात हात घालणार नाहीत. मी जिंकले तर गणपतीच्या स्टेजवर मी त्यांची नक्कल करणार आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसायचं. हरले तर दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज काढायचा नाही. काकू म्हणाल्या, "हरतील हो हे." काका म्हणाले, "लावली."

लाल झाडाला नवी पानं फुटली. एका शनिवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. काका भाजीला गेले होते. काकूंनी कात्री घेतली, मला वाटी धरायला सांगितली.

"पाटी?" मी विचारलं.

"लाईटच नाहीये गं, कसली पाटी?"

आणि स्विच चालूच होता. ते माझ्याही लक्षात आलं नाही. काकूंचा हात कोपरापर्यंत आत, बाहेर जिन्यात काकांच्या चपलांचा आवाज. दार उघडलं आणि त्याच क्षणी पंखा फिरला. काकूंच्या हातावर लख्ख पांढरा उजेड पडला. आपोआप.

काका ओरडले नाहीत. माझ्याच हातून वाटी पडली, कारण मला विहीर दिसली. स्विच काकांच्या उजव्या खांद्याशी होता, नुसता हात उचलायचा अवकाश. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. भाजीची पिशवी टाकून ते सरळ धावले आणि दंडापर्यंत हात पाण्यात खुपसून त्यांनी काकूंचं मनगट धरलं. पाणी सदऱ्यावर, भिंतीवर, माझ्या तोंडावर.

मासे कोपऱ्यात दडले. बाकी काही झालं नाही.

"अहो, सोडा. कात्री टोचतेय," काकू म्हणाल्या.

काकांनी सोडलं नाही. ते आपल्या हाताकडे बघत होते, पाण्यात तो मोठा आणि पांढराफटक दिसत होता. ओठ हलत होते, बहुतेक कोंडाजीचं नाव. काकूंनी दुसऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटलं. बराच वेळ. गेलेले मासे परत आले, एकाने काकांच्या अंगठीला तोंड लावून पाहिलं.

"गार आहे," काका शेवटी म्हणाले. हात तसाच आत. मग नाक ओढलं आणि माझ्याकडे वळले. "यशू. लाईट चालू?"

मी तोंडावरचं पाणी पुसलं. "लाईट चालू."

"हात पाण्यात?"

"हात पाण्यात, काका."

"दिवाळीपर्यंत आवाज बंद," ते म्हणाले आणि थांबले, मी तेच परत म्हणेपर्यंत.

म्हटलं. काय करणार. म्हणून यंदा स्टेजवर नाही, सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत. लिहायचं नाही असं पैजेत नव्हतं. विहिरीचं लिहू का, एवढं मात्र मी विचारलं. काका म्हणाले, "लिही. पोरांना कळू दे."