शनिवारची मैत्रीण

साठच्या दशकात बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटमध्ये माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या रॉक बँडचं मोठं नाव होतं. मी मात्र शाळेत कुणाशी फारशी बोलत नसे. दहावीच्या वर्षी वर्गातली एक मुलगी दर शनिवारी अभ्यासाला आमच्या घरी येऊ लागली. मला पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती.

मग अण्णा बँडबरोबर कलकत्त्याला गेला. पुढच्या शनिवारी तिने दारातूनच विचारलं, "तुझा अण्णा कधी येणार?"

"सहा महिने तरी नाही."

"सरी, ठीक आहे," म्हणून ती पायऱ्या उतरली. पुन्हा कधी आली नाही.

आतून आईने विचारलं, "आज एकटीच का गं?"

"तिला बरं नाही," मी म्हणाले आणि मांडलेल्या दोन वह्यांपैकी एक मिटून ठेवली.