दंडामागची चाल

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाची देखभाल ज्यांच्याकडे होती, त्यांना लहानथोर सगळे दंडकाका म्हणत. वर्षभर त्यांचं काम तसं साधंच. डगमगणाऱ्या खुर्च्यांचे पाय ठोकायचे, पडद्याच्या दोऱ्या बदलायच्या, खिडकीतून आत शिरलेली पाखरं बांबूने बाहेर काढायची आणि विद्यार्थ्यांनी खुर्च्यांच्या बुडाशी चिकटवलेली च्युइंगमं पत्र्याच्या तुकड्याने खरवडत बसायचं. पण वर्षातला एक दिवस असा यायचा, की त्या दिवशी हा माणूस सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि भलेभले त्याच्या मागून यायचे.

तो दिवस पदवीदानाचा. विद्यापीठाचा चांदीचा दंड त्या दिवशी कपाटातून बाहेर निघे. पुरुषभर उंचीचा, वर नारळाएवढा चांदीचा गोळा. तो दोन्ही हातांत उभा धरून दंडकाका मिरवणुकीच्या अग्रभागी निघत. लगेच मागे कुलगुरू, त्यांच्या मागे झगे घातलेली प्राध्यापक मंडळी. दंड आत आला की सभागृह उभं राहायचं, आणि दंड व्यासपीठावरच्या घडवंचीत विसावला की मगच बसायचं. तोवर मंत्री आला तरी खुर्चीला टेकायचं नाही, असा दंडक.

ह्या कामाची सगळी गंमत चालीत होती. एक पाय पुढे टाकायचा, क्षणभर थांबायचं, दुसरा पाय त्याच्याशी जुळवायचा आणि मग पुढचं पाऊल. सांगायला सोपं. पहिल्या वर्षी दंडकाका घाबरून असे काही सुटले, की ते व्यासपीठावर पोचले तेव्हा कुलगुरू अजून दारातच होते. मधली वाट रिकामी, सभागृह उभं, आणि वर दंड धरून एकटे दंडकाका, वरात हरवलेल्या नवरदेवासारखे. त्यांच्या आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्याने नंतर त्यांना बाजूला घेतलं. म्हणाला, "घरी सराव कर. हातात झाडू घे आणि मागून कुणालातरी चालायला लाव. मागच्याच्या पायांचा आवाज कानांनी ऐकायचा, मान वळवायची नाही. मागचा पोचला की आपण पोचलो."

तेव्हापासून समारंभाच्या आधी पंधरवडाभर रोज जेवणं झाली की घरात मिरवणूक निघे. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत लांब, अरुंद वाट होती. पुढे झाडू घेऊन दंडकाका, मागे पदर खोचून त्यांची बायको, कुलगुरूंच्या जागी. खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून दंडकाकांची आई बसायची आणि मांडीवर थाप मारून ताल धरायची.

"चाल... थांब. चाल... थांब. अरे, पाण्यातून निघालेल्या म्हशी आहात का तुम्ही?"

"आई, असंच चालायचं असतं."

"मग तुझे ते कुलगुरू संध्याकाळपर्यंत घरी पोचतात का रे?"

बायको मागे खुसखुसायची. तिचं पाऊल मात्र कधी चुकलं नाही. दिवसभर लॉंड्रीत इस्त्री फिरवून पाय भरून आलेले असत, पण ती म्हणायची, "ही चाल बरी. पायांना विश्रांती मिळते." समारंभाला भाड्याने द्यायचे काळे झगे त्याच लॉंड्रीत इस्त्रीला येत. शेकडो झगे तिच्या हाताखालून गेले होते. पण ते झगे घालून माणसं व्यासपीठावर चढतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला दंड घेऊन चालतानाही पाहिलं नव्हतं. कारण आत जायला पास लागे, पास मिळे पदवीधराला आणि त्याच्या एका पाहुण्याला. दंडकाका नियमाचे इतके कट्टर, की मागच्या दाराने घरच्या माणसाला आत सोडणं त्यांना स्वप्नातही सुचलं नसतं. "एकाला सोडलं की दार उघडंच राहतं," असं ते म्हणायचे.

"काय बाई माणूस!" सासूबाई म्हणायच्या. "वाढप्याच्या घरचे उपाशी, तशी तुझी गत."

एक दिवस सुनेने घरी बसून करायच्या बहिःशाल अभ्यासक्रमाला नाव घातलं. वाणिज्य शाखा. घरात कुणाचा विश्वास बसेना. रात्री भांडी आवरून ती जमाखर्चाची पुस्तकं उघडायची आणि ताळेबंद जुळला नाही की जगावर रागवायची. लेक नोकरीवरून आली की तिला शिकवायला बसे. "आई, ही देणी, ही मालमत्ता. तू परत उलटंच मांडलंस." "माझं उलटं नाही, तुझ्या पुस्तकाचं उलटं आहे. देणं आधी फेडावं की आधी मांडावं?" असा दोघींचा वाद चाले. एका विषयात एकदा गचका बसला, पण तिने परत परीक्षा दिली. आणि शेवटी निकाल आला तेव्हा निकालाचा कागद सासूबाईंच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "घ्या. मिळाला पास."

"परीक्षेत पास ना?"

"तो तर मिळालाच. पण आत जायचाही मिळाला. आता बघते, कसे चालतात ते."

घर हसून हसून लोटपोट झालं. दंडकाकाही हसले, पण त्यांच्या मनात दुसरीच चुटपुट सुरू झाली होती. तिचं कारण सभागृहात त्यांची खुर्ची कुठे असते, हे होतं.

दंड घडवंचीत ठेवला की दंड धरणाऱ्याने त्याच्या शेजारी, व्यासपीठाच्या अगदी कडेला, लोकांकडे तोंड करून बसायचं. हात गुडघ्यांवर, नजर समोर. दंड परत उचलेपर्यंत मान वळवायची नाही, टाळी वाजवायची नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला होता, "दंडाचा माणूस दंडासारखा असावा." आणि पदव्या तर मागे दिल्या जात, पाठीमागे, व्यासपीठाच्या मध्यावर. म्हणजे इतक्या वर्षांत हजारो जणांना पदवी मिळाली, पण दंडकाकांनी एकालाही ती घेताना पाहिलं नव्हतं. त्यांना दिसायचे ते समोरचे आईबाप. आपलं पोर वर चढलं की कोण रडतं, कोण दुसऱ्याच्या पोराला आपलं समजून टाळ्या पिटतं, सगळं पाठ.

आता बायको वर चढणार आणि आपण पाठ करून बसणार, हे काही त्यांच्या गळी उतरेना. दोन दिवस विचार करून ते म्हणाले, "अगं, ह्या वर्षी दंड मी सभागृहाच्या वायरमनला देतो. तो कधीचा मागे लागलाय. मी खाली बसून बघेन तुला."

तिने हातातली थाळी खाली ठेवली. "अहो, वेडे की काय? मी एवढी शिकले ती कुणाला बघायला? त्या वायरमनला?"

"पण मग मला तू दिसणार नाहीस."

"मला तुम्ही दिसाल ना! तुम्ही पुढे नसाल तर मी येतच नाही. पदवी पोस्टाने मागवते."

"दोघंही हट्टाला पेटलात," म्हातारी म्हणाली. "एकाने डोळे मिटा, म्हणजे भांडण मिटेल."

बायकोपुढे दंडकाकांचं काही चाललं नाही. पण गुळाला मुंगळा चिकटावा तसा तो विचार त्यांच्या डोक्याला चिकटून राहिला. समारंभाच्या आदल्या दिवशी ते मऊ फडकं आणि पांढरी भुकटी घेऊन दंड पुसायला बसले आणि पुसता पुसता हात थांबला. चांदीच्या गोळ्यात त्यांना स्वतःचं फुगलेलं नाक दिसलं, आणि नाकाच्या मागे खिडकी, कपाट, दार, सगळी खोली. इतकी वर्षं ते गोळा चमकवत आले होते, पण त्यात बघायचं कधी सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यांनी दंड तडक व्यासपीठावर नेला, घडवंचीत ठेवला आणि आपल्या खुर्चीत बसून शिडीवरच्या वायरमनला हाक मारली. वायरमन देहाने भारदस्त.

"खाली उतर आणि मागे मध्यावर उभा राहा."

"आता काय मलाच पदवी देता की काय?" असं म्हणत तो उभा राहिला. "काय दिसतंय?"

"दिसतोस. पण बारीक."

"वा! ही गोष्ट घरी बायकोला सांगतो. कुठेतरी बारीक दिसलो!"

दंडकाकांचा जीव भांड्यात पडला. गोळा त्यांनी पुन्हा पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. दार उघडलं, सगळे उभे राहिले आणि दंडकाका निघाले. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. काळ्या झग्यांच्या रांगांमध्ये कुठेतरी बायको होती आणि पाहुण्यांत आई. मान वळवायची नव्हती, पण डाव्या अंगाला कुणाचा तरी हुंदका ऐकू आला आणि पाठोपाठ पाहुण्यांतून ओळखीचा खणखणीत आवाज, "रडू नकोस, झगा ओला होईल. इस्त्री तूच केलीस ना!" कुलगुरू मागे खाकरले. दंडकाकांनी ओठ घट्ट मिटले आणि पुढचं पाऊल टाकलं.

दंड ठेवला. सगळे बसले. भाषणं झाली. आणि पदव्या सुरू झाल्या तेव्हा दंडकाकांनी तिरक्या नजरेने गोळ्यात पाहिलं.

आदल्या दिवशी एकटा वायरमन होता, अंगात पिवळा शर्ट. आज गोळ्यात दिसत होती ती काळ्या मुंग्यांची रांग. सगळ्यांचे झगे सारखे, टोप्या सारख्या. एक मुंगी यायची, मध्यावर वाकायची, निघून जायची. बाई की पुरुष, तेही कळेना. बरं, नावावरून ओळखावं तर नावं वाचणारे उपकुलसचिव म्हणजे सुटलेली गाडी. ते नाव वाचून पुढच्या चार स्टेशनांवर पोचलेले असत, तेव्हा पहिलं नाव ज्याचं तो जेमतेम पायऱ्या चढत असे. सगळ्या विद्यापीठाला हे माहीत होतं, पण त्यांना अडवणार कोण?

वाणिज्य शाखा सुरू झाली. आणि दंडकाकांच्या कानावर बायकोचं नाव आलं.

लगेच त्यापुढचं नाव. आणि पुढचं. गोळ्यात मुंग्या सरकत होत्या. ह्यातली कोणती? ही वाकली ती? की आता गेली ती? दंडकाकांचे गुडघ्यांवरचे हात ओले झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मान तसूभर वळायला लागली. वळलीही असती.

तेवढ्यात गोळ्यातली रांग अडली.

सगळ्या मुंग्या लगबगीने पुढे गेल्या होत्या, पण एक मुंगी मध्येच थांबली. मग एक पाऊल पुढे आली. परत थांबली. परत एक पाऊल.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की पदवी घ्यायला जाताना साधं चालायचं असतं. त्या सभागृहात चालायची तिला एकच रीत ठाऊक होती. झाडूमागून घरात चालत आली तशीच ती व्यासपीठावर चालत होती, मान ताठ, हात जुळवलेले, प्रत्येक पावलाला थांबत. मागची रांग पायऱ्यांवर तुंबली. नावांची गाडी सिग्नल न मिळाल्यासारखी खडखडत उभी राहिली. समोरच्या लोकांत आधी खसखस पिकली. मग पाहुण्यांतून मांडीवर थाप पडल्याचा आवाज आला आणि दंडकाकांच्या आईचा खणखणीत सूर, "चाल... थांब. चाल... थांब." आणि बघता बघता सगळं सभागृह त्या तालावर टाळ्या वाजवू लागलं.

दंडकाका हलले नाहीत. हात गुडघ्यांवर, मान समोर. फक्त डोळे गोळ्यावर. ती पूर्ण वाट चालून येईपर्यंत त्यांनी एकदाही पापणी लवू दिली नाही. कुलगुरू पदवी हातात धरून खोळंबले होते. मागून त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू आला.

"बाई, ही चाल ओळखीची वाटते."

"घरचीच आहे, साहेब," ती म्हणाली.

सभागृह हास्यात बुडालं. टाळ्यांचा नुसता पाऊस. समोर पहिल्या रांगेत बसलेल्यांनी नंतर सांगितलं, की दंडाच्या माणसाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण पुसायला हात हलवावा लागला असता.

समारंभ संपल्यावर बायकोचा झगा परत करून चौघं बाहेर झाडाखाली भेटली. लेक धावतपळत कामावरून आली होती आणि काय झालं ते आजीकडून तिसऱ्यांदा ऐकत होती. दर वेळी टाळ्या वाढत होत्या.

"मी चुकले ना?" बायकोने हळूच विचारलं. "बाकीचे किती पटापट गेले. खाली पायऱ्या उतरल्यावर माझ्या लक्षात आलं."

"चुकलीस म्हणून तर सापडलीस."

"दिसले का मी?"

"दिसलीस."

"केवढी?"

दंडकाकांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "मुगाच्या डाळीएवढी."

"एवढीशीच?" तिने तोंड पाडलं.

"अगं, हजारो जणांत एकच दिसली आजवर," म्हातारी म्हणाली, "ती डाळ तर डाळ. चला आता, बस निघेल."

बस कोपऱ्यावर उभी होती. लेक धावली. आजी काठी टेकत तिच्या मागे. वळून बघते तर ही दोघं फाटकापासून हळूहळू येतायत, तो पुढे, ती मागे, एक पाऊल आणि थांबा.

"अरे, आता तरी नीट चाला!" म्हातारी ओरडली. पण तिचा हात काठीवर ताल धरत होता.

ती बस गेली. पुढच्या बसला जागा मिळाली.