मास्तरांचे पन्नास किलो

वजनाच्या प्लेटा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मी दारातूनच ओळखतो. पोरं येतात ती रंग बघतात. नवरे येतात ते आधी बायकोच्या तोंडाकडे बघतात. डॉक्टरांची बोलणी खाऊन आलेले थेट सगळ्यात जड प्लेटेला हात घालतात आणि कंबर धरून सरळ होतात. मी सगळ्यांना एकच सांगतो, हलक्यापासून सुरुवात करा, लहान प्लेटा जास्त घ्या, वजन मुंगीच्या पावलांनी वाढवायचं असतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. निम्म्या घरांत माझ्या प्लेटा शेवटी दाराला टेकू म्हणून कामाला येतात, हे मला चांगलं माहीत आहे.

मास्तर यातल्या कशातच बसत नव्हते. मास्तर म्हणजे शिंपी. सगळा जन्म मशीनवर वाकून गेलेला, त्यामुळे पाठीला पोक, पायांच्या काड्या, आणि वय सत्तरीच्या पलीकडे. आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. ते बंद करून आता त्याच्याच वरच्या खोलीत दोघं नवरा-बायको राहत होते. माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवलेला. ते आत आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मालक, पन्नास किलो द्या."

मला हसू आलं. "मास्तर, हे काय वाण्याचं दुकान आहे? आणि पन्नास किलो कशाला? म्हातारपणी आखाडा गाजवायचाय का?"

"हिचं वजन पन्नास आहे," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, डोकं मात्र पहिल्यासारखंच तल्लख. सकाळी तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं, संध्याकाळी परत पलंगावर. समोरची बेकरीवाली दणकट बाई होती, ती खांद्याकडून धरायची, मास्तर पायांकडून. पण तिची बेकरी बंद होणार होती आणि ती गाव सोडून भावाकडे चालली होती. पगारी बायका ठेवून पाहिल्या, एकीलाही त्यांच्या बायकोनं अंगाला हात लावू दिला नाही. उचलायचं यंत्र त्या खोलीत वळेना. परगावच्या चिरंजिवांनी फोनवर निकाल देऊन टाकला होता, "बाबा, तुमच्या एकट्याच्यानं होणार नाही. बेकरीवाली गेली की आईला संस्थेत ठेवू."

"मी त्याला म्हटलं, बेकरीवाली जाईपर्यंत वेळ दे. मी शिकतो उचलायला," मास्तर म्हणाले. "न जमायला काय झालं? लोक शिकतातच की."

त्या माणसाच्या अंगात पन्नास किलोची ताकद भर तारुण्यातही नसणार. मला ते दिसत होतं. पण तोंडावर कसं सांगायचं? सांगितलं नाही. दुकानदाराला मालाबद्दल बोलणं सोपं असतं, म्हणून मी प्लेटांबद्दल बोलत राहिलो. रबरी घ्या, आवाज होत नाही, फरशी वाचते. ते म्हणाले, हिला रबराचा वास सोसत नाही. मग लोखंडी काढल्या. रॉडचंही वजन धरून पन्नासचा हिशेब बसवून दिला. "शेवटची पाच-पाचची जोडी भिंतीला टेकवून ठेवा," मी म्हणालो. "ती रॉडवर चढली की समजा वहिनींना उचललंत. मात्र माणूस लोखंडासारखा नसतो, मास्तर. तो हातात घसरतो, लोंबतो."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "अंगावर कपडा बेतताना माणूस कधी नीट उभा राहतो का?"

मास्तर चिकाटीचे. सुईत दोरा ओवावा तसं मान तिरकी करून रॉड धरायचे. मी दोनदा घरी जाऊन शिकवून आलो, कंबर वाकवायची नाही, जोर मांड्यांचा. वहिनी पलंगावरून बघायच्या आणि जड जिभेनं माझ्याकडे तक्रार करायच्या, "आयुष्यभर यांनी पाण्याची बादली उचलली नाही हो. आता बघा." आणि स्वतःच हसायच्या. मास्तर वीसवरून तीसवर आले, तीसवरून चाळीसवर. आणि चाळीसवर अडले. गुडघा सुजला, उतरला, परत सुजला. भिंतीची जोडी भिंतीलाच राहिली.

एक दिवस ते दुकानात आले ते चिडून. "ही जेवत नाही."

"तब्येत बिघडली?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! मुद्दाम जेवत नाही. ताटातलं निम्मं बाजूला सारते. काल विचारलं तर त्या जोडीकडे बोट केलं. म्हणते, 'अहो, तुमच्याच्यानं वाढत नाही ना, मग मी कमी होते. दहा किलोचा तर प्रश्न आहे.' हसून सांगते वर. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर हाता-पायांबरोबर माणूसही जाईल."

बायको नवऱ्यासाठी उपास करते हे ऐकलं होतं, पण हा उपास भलताच. मास्तर रस्त्याकडे बघत होते. मग त्यांची नजर माझ्या दर्शनी काचेत गेली. तिथे मोठ्या काळ्या प्लेटा मांडल्या होत्या. "या काचेच्या फळीला इतकं वजन कसं पेलतं?" त्यांनी विचारलं.

"पेलतंय कुठलं? थर्माकोलच्या आहेत त्या. वरून रंग मारलाय."

मास्तरांनी चष्मा खाली ओढला. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं आणि मी म्हणालो, "मास्तर, नको." तेव्हा ते म्हणाले, "कोटाच्या खांद्यात कापूस भरून मी किती मरतुकड्यांना रुबाबदार केलं, मालक. कुणाचं काय बिघडलं? चारचौघांत ताठ चालले ते."

मी काचेतली पाच-पाचच्या मापाची एक जोडी काढून दिली, भिंतीच्या खऱ्या जोडीच्या जागी गुपचूप ठेवायला. आत खऱ्या लोखंडी प्लेटा, सगळ्यात बाहेर या. आवाज लोखंडाचाच येणार. त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोसमोर रॉड उचलला, दात-ओठ खाण्याचं नाटक करण्याचीही गरज नव्हती, चाळीसलाच त्यांचा जीव निघत होता. वहिनींनी डाव्या हातानं पलंगाची कड बडवली. बेकरीवालीला हाका मारून बोलावलं आणि परत उचलून दाखवायला लावलं. मग जेवायला मागितलं. मास्तर दुसऱ्या दिवशी हे सांगायला आले तेव्हा आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आणि बेकरीवाली गेल्यावर?" मी विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा. मी खरी जोडी चढवणारच आहे. थोडा वेळ मिळाला, एवढंच."

खरी जोडी चढली नाही. वहिनी मात्र भरल्या. गालांवर मांस आलं, हनुवटी दिसेनाशी झाली. आता कशाला भ्यायचं, उचलणारा माझा आहे, असं म्हणून दोन घास जास्तच खायच्या. आजारपणाआधीही नव्हतं एवढं त्यांचं वजन झालं असणार. मास्तर त्यांना वाढत होते आणि बघत होते.

बेकरीवाली गेली. पहिले काही दिवस मास्तरांनी कसंबसं ओढून, सरकवून निभावलं. बायकोला सांगायचे, तुला त्रास होऊ नये म्हणून हळू घेतो. मग एका सकाळी पलंगावरून खुर्चीत घेताना मास्तरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. दोघं फरशीवर. वहिनी वर, मास्तर खाली. हाक मारायला समोर कुणी उरलं नव्हतं. दूधवाल्याला दार उघडं दिसलं तोवर ऊन फरशीवर आलं होतं. हाडं कुणाची मोडली नाहीत, पण चिरंजीव आले आणि आईला संस्थेत घेऊन गेले. मास्तरांनी वाद घातला नाही. कोणत्या तोंडानं घालणार?

त्यानंतर ते दुकानात आले तेव्हा मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. कपाला त्यांनी हात लावला नाही. मला राग आला होता, मुलाचा, त्या खोलीचा, त्या म्हाताऱ्या गुडघ्यांचा. कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

"वहिनी रागावल्यात का?" मी विचारलं.

"रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणते, 'तुम्ही तर पन्नास उचलत होतात, मीच मेली हावरट, जास्त खाल्लं.' भेटायला गेलो की तेच. माफी मागते माझी."

"मग सांगून टाका ना खरं. काचेतल्या होत्या म्हणावं. मी येतो सोबत."

"सांगितलं," मास्तर म्हणाले. "तिला पटत नाही. म्हणते, 'माझं मन राखायला खोटं बोलताय. मी या डोळ्यांनी बघितलंय.' आता तिथंही ताट बाजूला सारायला लागलीय. नर्सला सांगून ठेवलंय तिनं, वजन उतरलं की हे न्यायला येणार आहेत मला. काल मी हात धरला तर हाडच लागलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तिचा हा उपास थांबवा म्हणतात."

मास्तर शर्टाच्या बाहीची शिवण चिमटीत धरून सरळ करत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चाळीस मला जमतं, मालक."