चिंचेनं धुतलेला रोमन सम्राट

नागपूरला नाणीसंग्राहकांचा मेळावा आहे असं कळलं आणि मी नाशिकहून रेल्वेचं तिकीट काढून टाकलं. माझ्याकडे प्राचीन रोमन कांस्याचं एकच नाणं, नखाएवढं. शतकानुशतकं मातीत राहून त्यावर हिरवा थर चढलेला, आणि संग्राहक जीव टाकतात तो त्या थरावरच. नागपूरचे एक काका त्याच्या बदल्यात चांगलं जाडजूड, मोठं रोमन नाणं देणार होते. ते नाणं मला किती वर्षांपासून हवं होतं! काकांनी फोनवर बजावलं होतं, "फक्त रंग जपजो गा."

सकाळी स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तुम्ही तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखे पाणी पीत बसाल. मग मेट्रोनं इंदोरा आणि तिथून ऑटोनं जरीपटक्यात आत्याकडे. नाण्याची डबी टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलो.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. वंदनेच्या आदल्या दिवशी आत्या बुद्धाची पितळी मूर्ती चिंच-मिठानं घासते. आंघोळ करून बाहेर येऊन बघतो तर ताटात मूर्तीशेजारी आमचे सम्राट, लख्ख!

"आत्या, हे काय केलंस?"

"काहून गा? केवढं कळकलं होतं! म्हटलं, तुले घासायले वेळ भेटत नसन."

मला रडूच यायचं बाकी होतं. पण तिनं माझ्यासाठी पाटवडीचा रस्सा केला होता, आणि तो खाताना कुणावर रागावता येत नाही.

मेळावा सीताबर्डीला, मेट्रोपासून चालत जाण्याजोगा. काकांनी नाणं पाहिलं, माझी कहाणी ऐकली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "चिंच! सौदा तं गेला गा आता." मग भिंग माझ्या हातात देत म्हणाले, "पण हे पाह्यलं काय?"

नाण्याच्या मागच्या बाजूला दोन शिपाई भाले घेऊन उभे होते, मधे निशाण. इतकी वर्षं मी त्याला झाड समजत होतो.

संत्रा बर्फी घेऊन नाशिकला परतलो. मोठं नाणं हुकल्याची हळहळ आहे, ती काही बर्फीनं जात नाही. नाणं पुन्हा तपकिरी व्हायला लागलंय. हिरवं कधी होईल, असं काकांना विचारलं तर म्हणाले, "मातीत गाड अन् हजारेक वर्षं थांब."

काल आत्याचा फोन आला. "काळं पडलं असन तं घेऊन ये, घासून देईन."

तिकीट काढलंय. नाणंही नेतोय. घासायला नाही, तिला ते शिपाई दाखवायचे राहिलेत.