परब बाईंचे चिंचोके

परब बाईंच्या पर्समध्ये घराच्या किल्ल्या, सेफ्टी पिना आणि चार चिंचोके कायम असत. दोन सोललेले पांढरे, दोन तसेच काळपट. भांडुपच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मराठी. दोन वर्गांच्या मध्ये लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे माझ्या कवितेत त्यांचे चिंचोके घुसत.

दोन्ही मुठींत त्या एकेक पांढरा, एकेक काळा धरत. "ही आई, हा बाप. दोघंही धडधाकट. आता डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढ." दोन्ही काळे आले तर बाळ आजारी. चारांत एकदा तसं होऊ शकतं. एका मुलीला दोन्ही काळे आले तेव्हा ती म्हणाली, "सुटले बाई, आता परत नाही येणार." बाई म्हणाल्या, "मुठींत परत टाक, पुन्हा काढ. चिंचोक्यांना मागचं काही आठवत नाही गं." पुन्हा काळेच आले. वर्ग खिदळला आणि पलीकडे मीही हसले. तेव्हा मी शाळेत नवीन होते.

बाईंच्या घरी अनिकेत होता, थॅलेसेमियाचा. दर काही आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागे. बाई आणि त्यांचे यजमान, दोघांच्याही रक्तात तो दोष लपून होता, हे मुलगा आजारी पडल्यावरच कळलं.

बाईंना दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी धीर दिला, "चारांतलं एक झालं ना, आता बिनधास्त राहा." एवढं शिकूनही आमचा हिशोब त्या मुलीचाच. बाईंनी डबा बंद केला, "असं नसतं गं," म्हणाल्या आणि पोटातल्या बाळाची तपासणी करून आल्या. रिपोर्ट चांगला आला. सई झाली.

मग डॉक्टरांनी आशा दाखवली. बहिणीची अस्थिमज्जा जुळली, तर अनिकेत बरा होऊ शकेल. जुळण्याची शक्यता पुन्हा चारांत एक. या वेळी बाई हिशोब बोलल्या नाहीत, देवापुढे दिवा लावत राहिल्या. जुळलं नाही. गावाहून आलेल्या सासूबाई पाळण्याशी बसून म्हणाल्या, "मगे ह्येचो उपयोग काय?" बाई सासूपुढे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, लेकीला उचलून घेत म्हणाल्या, "आये, माझा चेडू आसा ता. औषध नाय."

अनिकेत चावट होता. मला म्हणायचा, "मावशी, अख्ख्या भांडुपचं रक्त आहे माझ्या अंगात. मला जातीचा दाखला कोण देणार?" गेल्या वर्षी, कॉलेजात असताना, तो गेला. चढवलेल्या रक्तातून साठलेल्या लोहाने त्याचं हृदय थकलं होतं.

बाराव्याला मी बाईंजवळ बसले होते. सई आली आणि म्हणाली, "आई, माझं जुळलं असतं तर दादा असता ना?"

मला वाटलं, बाई काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

"असता," बाई म्हणाल्या. "पण तू काही काढलं नव्हतंस, बाळा. मुठी आमच्या होत्या." सई त्यांच्या कुशीत शिरली. मी उठून बाहेर गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पार्टिशनपलीकडे तोच धडा आला. "ही आई, हा बाप." मग एका मुलाचा आवाज, "बाई, दोन्ही काळे आले. परत टाकू?"

माझा खडू फळ्यावरच थांबला. मुलाने पुन्हा विचारलं.

"राहू दे रे," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे दे."